राखेचा श्वास

वीजकेंद्राच्या जुन्या राखतलावावर खुरपं मारलं की आधी वरचा पापुद्रा फुटतो, मग पिठासारखी राख हाताला लागते. खापरखेड्याच्या बाजूला असे करडे माळ मैलभर पसरलेत. कोळशातलं सेंद्रिय जे होतं ते भट्टीत जळालं, नत्र धुराड्यातून गेलं. म्हणून नमुना पिशवीत भरताना मी आधी त्याचा वास घेतो. कोऱ्या राखेला वासच नसतो.

राखेत जीव परतलाय का हे पाहायला एके दिवशी तीन ठिकाणची राख आणली: उघड्या पट्ट्यातली, वेड्या बाभळीखालची, आणि पूर्वी शेणखत घालून झाडं लावलेल्या तुकड्यातली. प्रत्येकीत टीटीसी नावाच्या रसायनाचं रंगहीन द्रावण घालून नळ्या 37 अंशांवर चोवीस तास ठेवल्या. जिवंत सूक्ष्मजीव श्वसन करताना जो हायड्रोजन सोडवतात, तो या द्रावणाने उचलला की त्याचं फॉर्मॅझन नावाचं लाल रंगद्रव्य होतं. ही पद्धत 1964 सालची, अजून तितकीच कामाची. दुसऱ्या दिवशी मिथेनॉल घालून गाळलं. पहिली नळी पाण्यासारखी. बाभळीखालची जेमतेम गुलाबी. तिसरी मात्र डाळिंबाच्या रसासारखी उतरली, आणि मी ती उजेडासमोर धरून उगाच जास्त वेळ पाहत राहिलो.

बाभूळ वरून हिरवीगार होती. तिच्याकडे पाहून जमीन सुधारली असं कुणीही म्हणेल, म्हणून तर हिरवळीवर माझा भरवसा नाही. अर्थात एकट्या लाल रंगावरही नको. ताजं खत पडलं की जंतू काही दिवस उसळतात आणि मग ओसरतात. राखेत तांबं जास्त असेल तर रंग फिका दिसतो, जंतू असूनही. त्यामुळे उन्हाळा-पावसाळा धरून पुन्हा पुन्हा मोजावं लागतं. सोबत बंद बाटलीत सोडियम हायड्रॉक्साइड ठेवून मातीने सोडलेला कार्बन डायऑक्साइडही मोजतो.

माझ्या तिसऱ्या तुकड्यासारखंच, नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगांवर साखर कारखान्याचा टाकाऊ गाळ म्हणजे प्रेसमड, नत्र बांधणारे ॲझोटोबॅक्टर जंतू आणि मुळांशी जोडून राहणारी मायकोरायझा बुरशी वापरून रान उभं केलं. एका कारखान्याचा उकिरडा दुसऱ्या उद्योगाच्या ढिगाला जगवतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

तिसऱ्या पिशवीत तळाला थोडी राख उरली होती. नाकाजवळ नेली. पहिल्या पावसाचा असतो तसा, अगदी पुसट, पण वास होता.