देशाचा धूर आणि त्याचा हिशेब

अमुक देशाचें कर्ब-उत्सर्जन वाढलें, तमुक देशाचें घटलें, असे आंकडे हल्लीं वर्तमानपत्रांत वारंवार वाचण्यांत येतात. ते कशानें चढतात व कशानें उतरतात याचा उलगडा मात्र तेथें क्वचितच असतो. पाऊसमान बिघडण्याशीं या वायूचा निकट संबंध असल्यामुळें शेतकरी बंधूंस हा हिशेब कळणें अगत्याचें आहे.

कोळसा, खनिज तेल किंवा खनिज वायु जाळला असतां त्यांतील कर्बाचा प्राणवायूशीं संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. १२ किलो कर्ब पुरता जळला कीं ४४ किलो वायु होतो. देशाचा एकूण वायु किती निघतो, हें जपानांतील योइची काया या विद्वानानें चार रकमांच्या गुणाकारानें मांडलें आहे: लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, एक रुपया उत्पन्नामागें लागणारी ऊर्जा, व ऊर्जेच्या एका मापामागें निघणारा वायु. सर्व्हे नंबराचा आकार कसा बसतो हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. तेथेंही क्षेत्र, प्रतवारीचे आणे व दर यांचा गुणाकारच असतो. दर निम्मा झाला, पण क्षेत्र तिप्पट झालें, तर आकार वाढतोच.

इ. स. २०२० सालीं साथीमुळें कारखाने व गाड्या बंद पडल्या, तेव्हां जगाचें उत्सर्जन सुमारें ५ टक्के उतरलें. व्यवहार सुरू होतांच पुढील सालीं तें बहुतेक भरून निघालें. लोकांचें उत्पन्न बुडवून झालेली असली घट कोणासही नको आहे.

ब्रिटनची गोष्ट निराळी. इ. स. १८८२ सालीं लंडनांत होलबर्न येथें कोळशावर सार्वजनिक वीज निघूं लागली, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजीं रॅटक्लिफ येथील त्या देशाचें अखेरचें कोळशाचें वीजकेंद्र बंद झालें. कोळशाची जागा आधीं समुद्रांतील खनिज वायूनें व मागाहून पवनचक्क्यांनीं घेतली. १९९० पासून उत्पन्न पुष्कळ वाढूनही तेथील उत्सर्जन सुमारें निम्म्यावर आलें. म्हणजे तिसरी व चौथी रक्कम उतरली. तथापि पूर्वीं घरीं होणारा बराच माल तो देश आतां बाहेरून आणतो, व त्याचा धूर माल करणाऱ्या देशाच्या खातीं पडतो. सबब ही सगळी घट आम्ही त्याच्या जमेस धरीत नाहीं.

आपल्या देशानें २०३० पर्यंत उत्पन्नामागील उत्सर्जन २००५ च्या मानानें ४५ टक्के कमी करण्याचें वचन २०२२ सालीं दिलें. हें वचन दराचें आहे, आकाराचें नव्हे, हें ध्यानांत ठेवावें. सरकारी अहवालाप्रमाणें २००५ ते २०१९ या काळांत हा दर ३३ टक्के उतरला. परंतु उत्पन्न दरसाल ७ टक्के वाढल्यानें एकूण उत्सर्जन दरसाल ४ टक्के वाढतच राहिलें. आपलें माणशीं उत्सर्जन सुमारें २ टन, अमेरिकेचें सुमारें १४ टन. तेव्हां उत्पन्न रोखा असें आम्हांस सांगण्याचा अधिकार कोणास पोहोंचत नाहीं. पण उरलेल्या दोन रकमा आपल्याच हातच्या आहेत.

त्यांतील कांहीं भाग आपल्या विहिरीवर आहे. कोळशाच्या विजेच्या एका युनिटामागें सुमारें एक किलो वायु निघतो. महाराष्ट्रांत २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस वीज मोफत झाली, त्यामुळें वायां गेलेलें युनिट मालकाच्या खिशाला लागत नाहीं. वीजकेंद्रांत कोळसा मात्र तितकाच जळतो. झिजलेला पंप, गरजेपेक्षां अरुंद पाईप, गळका फुटव्हॉल्व्ह यांनीं तेंच पाणी उपसण्यास अधिक वीज लागते. ही तिसरी रक्कम. २०१७ पासूनच्या सौर कृषी वाहिनी योजनेंत उपकेंद्राजवळ सूर्यशक्तीची वीज करून ती दिवसा पंपांस देतात, ही चौथी. तींत रात्रीं विंचूकाट्यांतून दारें धरण्यास जावें लागत नाहीं, हा लाभ कोणत्याही गुणाकारांत मांडलेला नाहीं.