15 टक्के भिंत

कृष्णाकाठच्या एका तहसील कचेरीत, जिन्याखाली कागद चिकटवला होता: दर सोमवारी दुपारी 3 ते 5, नागरिकांना अभिलेख पाहण्यास खुले. ऑगस्ट 2019 च्या महापुराची मदत न मिळालेल्यांची रांग त्या कागदासमोरूनच वर जात होती. मी सात-आठ जणांना विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं की आपल्या घराचा पंचनामा आपल्याला उघडून बघता येतो. शासनाने हा सोमवारचा नियम नोव्हेंबर 2018 मध्येच काढला होता. पुढच्या सोमवारी मी अभिलेख कक्षात जाऊन बसले.

आत डांबरगोळ्यांचा आणि दमट कागदाचा वास. मांडण्यांवर लाल रुमालात बांधलेले गठ्ठे, वर गावांची नावं. दप्तर सांभाळणाऱ्या मॅडम निवृत्तीला आलेल्या. ओलीने दोन पानं एकमेकांना चिकटली होती. त्यांनी ती ओढली नाहीत. मधे स्टीलची पट्टी सरकवली आणि कडेकडेने, दम धरून, पान सुटं केलं. "ओढलं की शाई वरच्या पानावर जाते. मग कुणाचं घर कुणाच्या नावावर, कळत नाही," म्हणाल्या. दुपारभर मी त्यांचे हातच बघत होते.

रांगेतल्या एक आक्का माझ्याबरोबर आल्या होत्या.

"माझ्या घराचं काय लिवलंय, तेवढं वाचून दावा."

"मिळकत नंबर सांगा, आक्का."

पान निघालं. हाताने भरलेला नमुना. कच्चे घर. अंशतः पडझड, 15 टक्के. खाली तलाठी आणि ग्रामसेवकांच्या सह्या, दोन पंचांच्या सह्या. तारीख पाणी ओसरल्यानंतरच्या चौथ्या दिवसाची.

"आन् भिंत तर गणपतीच्या आदल्या दिवशी पडली की!"

त्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोका पातळी 45 फूट. पण पांढऱ्या मातीची भिंत पुष्कळदा पाण्यात पडतच नाही. दोन्ही बाजूंनी पाण्याचा दाब असतो तोवर ती तग धरते. पाणी उतरतं, ऊन लागतं, भिंत वाळू लागते, मग भेगा जातात आणि एका रात्री ती बसते. पंचनामा करणारे तोवर चार गावं पुढे गेलेले असतात. नमुन्यात तारखेची जागा एकच.

केंद्राच्या तेव्हाच्या निकषांनुसार पूर्ण पडलेल्या घराला 95,100 रुपये होते. अंशतः, म्हणजे किमान 15 टक्के पडलेल्या कच्च्या घराला 3,200.

15 टक्के मोजतात कसे, मी विचारलं. मॅडम स्वतः पूरग्रस्त गावांत ड्युटीवर होत्या. "मोजत नाही ओ. नुसतं बघून लिहितात. 15 च्या खाली लिहिलं तर बाईला काहीच मिळणार नाही, म्हणून निदान 15 लिहितात." कुणीतरी दयेपोटी लिहिलेला आकडा होता तो. पण त्याची प्रत आक्कांच्या हाती दिली असती, तर गणपतीतच त्या ओरडल्या असत्या. 15 टक्के हे शब्द त्यांनी काही महिन्यांनंतर, त्या खोलीत, पहिल्यांदा ऐकले.

मग त्यांनी शेजारच्या घराचं पान मागितलं. दोन घरांत भिंत सामाईक, आणि शेजाऱ्याला पूर्ण पडझडीची मदत मिळालेली. मॅडमनी मान हलवली. दुसऱ्याचं दाखवता येत नाही, वैयक्तिक माहिती.

इथे मला राग आला, आणि तो मॅडमवर नव्हता. अर्थसाहाय्य कुणाला किती दिलं हा तपशील सरकारी कचेरीने आपणहून, कुणी न मागता, जाहीर करायचा आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 मध्ये ते 2005 पासून लिहिलेलं आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर यादी लागायला हवी होती: नाव, मिळकत नंबर, पंचनाम्याची तारीख, शेरा, रक्कम. "यादी लावली की गावात भांडणं लागतात," मॅडम म्हणाल्या. भांडणं लागलेलीच होती. फक्त कुणाकडे कागद नव्हता, म्हणून ती तलाठ्याच्या जातीवर आणि सरपंचाच्या गटावर चालली होती. आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने तर माहिती अधिकार कायद्यातल्या, वैयक्तिक माहिती नाकारू देणाऱ्या कलमातली व्यापक जनहिताची अटच गाळली आहे. जनहितासाठी माहिती देण्याची दुसरी तरतूद कायद्यात अजून आहे, पण खिडकीपलीकडून नकार देणं आता आणखी सोपं झालं.

आक्कांनी स्वतःच्या पानाची प्रत घेतली, दोन रुपये भरून. फेरपंचनाम्याचा अर्ज मी लिहीत होते, तेव्हा मॅडम टेबलावरून वाकल्या. "भिंत पडल्याची तारीख आधी घाला. आणि सामाईक भिंत आहे हे लिहा, शेजारचा मिळकत नंबर टाकून. मग फाईल काढताना साहेबांना दोन्ही पानं काढावी लागतील."

तसंच लिहिलं. आवक शिक्का मारून घेतला तेव्हा पाच वाजायला आले होते.