खोलता येणारी गाडी

टेबलावर जुनं वर्तमानपत्र, त्यावर परात आणि परातीत उलटी ठेवलेली गाडी. माझ्या बहुतेक रविवार दुपारी अशाच सुरू होतात. गाडी तामियाची ‘ग्रासहॉपर’, रेडिओ रिमोटवर पळणारी एकदशांश मापाची बग्गी. टेकडीवर तासभर पळवून आणली की तिच्या टबासारख्या खोलगट चासीतून चमचाभर मुरूम सहज निघतो. परात त्यासाठीच. निसटलेला स्क्रूही तिच्यातच पडतो, फरशीवर घरंगळून कपाटाखाली जात नाही.

तामियांचा जपानमधल्या शिझुओका शहरातला धंदा 1946 साली सुरू झाला तो लाकडाचा. मग लाकडी मॉडेल आली, त्यांच्यामागून प्लॅस्टिकची. 1976 मध्ये पोर्शे 934 ही त्यांची पहिली रेडिओ कंट्रोल गाडी आली आणि 1984 मध्ये ग्रासहॉपर. पुढे बंद झालेली ही बग्गी 2005 मध्ये पुन्हा बाजारात आणली गेली. खोक्यात तयार गाडी नसते. सुटे भाग, स्क्रूच्या पिशव्या, ग्रीसची ट्यूब आणि चित्रांची पुस्तिका असते. पळवायची तर आधी जोडायला लागते, आणि जोडलेली गाडी खोलायची भीती वाटत नाही. खेळण्यांच्या दुकानातल्या गाडीचा एक दात तुटला की ती अडगळीत जाते, कारण तो गिअर सुटा मिळत नाही. हिचा मिळतो. माझ्या लेखी सगळा फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

सफाईची सुरुवात बॅटरी काढण्यापासून. मग रंगकामाचा कोरडा मऊ ब्रश आणि सांदीकोपऱ्यांसाठी जुना टूथब्रश. पाणी नाही, आत रिसीव्हर आणि मोटर आहे. चाकं, टायर मात्र काढून साबणाच्या पाण्यात खुशाल धुवावेत.

खरी गंमत स्क्रूंशी. जपानी फुलीच्या स्क्रूची खाच नेहमीच्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरला नीट बसत नाही. टोक वर सरकतं आणि खाच गोल होते. जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्यावा, पैसे वसूल होतात. शिवाय हे स्क्रू थेट प्लॅस्टिकमध्ये आपले आटे पाडतात. परत लावताना सरळ पिळला तर स्क्रू नवे आटे पाडतो, आणि दोन-चार वेळा असं झालं की भोक कायमचं ढिलं. म्हणून स्क्रू आधी हलक्या हाताने उलटा फिरवायचा. एका जागी तो किंचित खाली बसतो. ‘टक्’ असं बोटांनाच कळतं. जुना आटा सापडला. आता सुलटा फिरवा, लोण्यात गेल्यासारखा जातो.

मोटर काढली की तिच्या डब्याला काळी बारीक रेती चिकटलेली दिसते. सह्याद्रीच्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट असतं आणि मोटरमध्ये चुंबक, त्यामुळे आपल्याकडे हे व्हायचंच. ही रेती फुंकून काढू नये, खाचांतून आत जाते. चिकटपट्टी दाबून उचलावी. मोटरच्या दांड्याच्या टोकाला पातळ तेलाचा एक थेंब द्यायचा, दुसरा नाही.

सफाईला पेट्रोल वापरायचं नाही, हे मी नुकसान करून शिकलो. सायकलच्या चेनच्या सवयीने एकदा बॉडी पेट्रोलच्या फडक्याने पुसली. रंग फडक्याला आला आणि संध्याकाळपर्यंत प्लॅस्टिकवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा उमटल्या. पंधरा दिवस खपून रंगवलेली बॉडी होती ती. अजून वाईट वाटतं. स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावतात ते लॉकिंगचं द्रवही तसंच. ते धातूवर धातू असेल तिथेच, म्हणजे मोटरच्या स्क्रूंना लावावं. प्लॅस्टिकला लागलं तर तडा जातो.

मूळ किटमध्ये आसांना प्लॅस्टिकचे बुश येतात. धुळीने ते झिजतात आणि चाकं डुगडुगायला लागतात. मी त्यांच्या जागी 5 मिमी भोकाचे आणि 11 मिमी बाहेरच्या व्यासाचे बेअरिंग बसवलेत. बेअरिंग बोटावर धरून फिरवावं. खरखर जाणवली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हलवून, पूर्ण वाळवून, तेलाचा एक थेंब. गंज काढायचा स्प्रे मारून भागत नाही, त्याने असलेलं वंगणही वाहून जातं.

गिअरबॉक्स सगळ्यात शेवटी. झाकण निघालं की जुनं ग्रीस दिसतं. ते नुसतं काळवंडलेलं असेल तर चालतं, पण दोन बोटांत चोळल्यावर कचकच लागली तर आत माती शिरली आहे. मग प्रत्येक गिअर काढून धुवायचा, उजेडात धरून दात पाहायचे, नवं ग्रीस दातांना पातळ लावायचं, थापायचं नाही. डिफरन्शियलचे तिरक्या दातांचे छोटे गिअर जागेवर बसवायला मला अजून चिमटा लागतो.

झाकण लावून, मोटर बसवून मागचं एक चाक पुढे ढकललं. दुसरं तेवढंच मागे फिरलं. कचकच नव्हती.