खिडकीवरचं तिकीट

अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात व्हेलचं स्की रिसॉर्ट सुरू झालं १५ डिसेंबर १९६२ रोजी. दिवसभराचं तिकीट होतं ५ डॉलर. २०२४-२५च्या हंगामात, ऐन गर्दीच्या दिवशी, त्याच डोंगराच्या पायथ्याशी खिडकीवर उभं राहिलं तर ३२९ डॉलर मोजावे लागत होते. आपले जवळपास अठ्ठावीस हजार रुपये. एवढ्यात मिळतं काय, तर लिफ्टमध्ये बसून वर जायची मुभा. बूट, स्की, हेल्मेट यांचं भाडं वेगळं, शिकवणारा वेगळा. दिवसभर आपल्या एकट्यासाठी प्रशिक्षक हवा असेल, तर तो हजार डॉलरच्या पुढे.

महागाई धरली तर १९६२चे ५ डॉलर म्हणजे २०२४चे साधारण ५२. तिकीट त्याच्याही सहापट झालं. मग मी आपल्या घरचं माप लावून पाहिलं: सोनं. १९६२ साली सोन्याचा अमेरिकी सरकारी भाव औंसाला ३५ डॉलर होता, म्हणजे एका औंसाच्या मोलात व्हेलचे सात दिवस मिळत. २०२४च्या डिसेंबरात सोनं औंसाला २,६०० डॉलरच्या वर गेलं होतं, आणि त्यात दिवस मिळत होते आठ. मधली वर्षं सोडून ही दोन टोकं पाहिली, तर बासष्ट वर्षांत लिफ्टचं तिकीट जवळपास सोन्याइतकंच वाढलं. फरक इतकाच, की तिकिटाला संध्याकाळी चार वाजल्यावर मोड येत नाही.

पण गंमत पुढे आहे. हे ३२९ डॉलर नेहमीचा स्कीवाला भरतच नाही. व्हेलच्या मालक कंपनीने २००८ मध्ये एपिक पास काढला. २०२४-२५ साठी तो लवकर घेणाऱ्याला ९८२ डॉलरला पडला. त्यात कंपनीची चाळीसहून अधिक रिसॉर्टं अख्खा हंगाम खुली. खिडकीवरचे तीन दिवस म्हणजे ९८७ डॉलर. त्यापेक्षा सगळा हिवाळा पाच डॉलरनी स्वस्त! खिडकीवरचा भाव बराचसा बुजगावण्यासारखा आहे. तो पाहून लोकांनी पावसाळी छत्री उन्हाळ्यातच घ्यावी, तसा हिवाळ्याचा पास आधीच घ्यावा, हा त्यामागचा हिशेब. बर्फ पडो न पडो, पैसे आधीच गल्ल्यात.

हा हिशेब एकाच माणसाला लागू पडत नाही, आणि तो म्हणजे नवखा. ज्याने आयुष्यात पायाला स्की बांधलेली नाही, त्याने सप्टेंबरातच हजार डॉलर कशाच्या भरवशावर टाकावेत? आपल्याला हे आवडेल की पहिल्याच तासात गुडघा धरून बसावं लागेल, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून सर्वांत महाग तिकीट त्याच्याच कपाळी. व्हेलचा पसारा ५,३१७ एकरांचा. नवखा दिवसभर घसरतो, पडतो, उठतो तो त्यातल्या एका ठेंगण्या उतारावर.

आणि तरीही २०२२-२३च्या हंगामात अमेरिकेतल्या डोंगरांवर ६ कोटी ५४ लाख फेऱ्या नोंदल्या गेल्या. आजवरचा उच्चांक! यातली प्रत्येक फेरी म्हणजे एका माणसाचा एक दिवस, त्यामुळे पासवाला वीसदा आला की वीस मोजले जातात. पहिल्यांदा येणाऱ्यांची गोष्ट निराळी. तिथल्या स्की व्यवसायाच्याच जुन्या हिशेबानुसार शंभर नवख्यांतले ऐंशीहून अधिक पुन्हा फिरकत नाहीत.

पूर्वी ते शिकत कुठे? १९३४ साली व्हरमाँटमधल्या वुडस्टॉक गावात एका कुरणावर फोर्ड गाडीच्या इंजिनाला दोर जोडून अमेरिकेतली पहिली ‘रोप टो’ चालवली गेली. दोर धरा, वर जा, घसरत खाली या. पुढे अशा टेकड्या गावोगाव झाल्या. १९८२-८३ साली देशात ७३५ स्की ठिकाणं होती. आता पाचशेच्या आत आहेत. बुडाली ती मुख्यतः लहान. बर्फ दगा देऊ लागला, की कृत्रिम बर्फ लागतो: एक एकरावर फूटभर थर द्यायचा तर पाणी सुमारे ६ लाख लिटर, म्हणजे दहा हजारी साठ टँकर. पंप, बर्फ फवारणाऱ्या तोफा, वीज वेगळीच. गावच्या टेकडीला हे कुठून झेपणार? युरोपातल्या २,२३४ रिसॉर्टांचा २०२३ साली अभ्यास झाला. जगाचं तापमान २ अंशांनी वाढलं, तर कृत्रिम बर्फाविना त्यांतल्या ५३ टक्क्यांना बर्फटंचाईचा अतिगंभीर धोका आहे. आपल्या गुलमर्गलाही २०२५च्या फेब्रुवारीत बर्फ नाही म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या.

पण गावच्या सगळ्याच टेकड्या बुडाल्या नाहीत. कोलोराडोतच स्टीमबोट स्प्रिंग्ज गावात हाउल्सन हिल नावाची टेकडी आहे. १९१५ पासून चालू, मालक खुद्द गाव. पसारा जेमतेम पन्नास एकर, म्हणजे व्हेलचा शंभरावा भाग. गेल्या काही वर्षांत तिथे हिवाळ्यातल्या रविवारी स्कीइंग फुकट ठेवलं आहे. याच टेकडीवर सराव केलेले शंभराहून अधिक खेळाडू ऑलिंपिकला गेले आहेत.