एनएफएल ड्राफ्टमधील स्थानांचा अग्रक्रम

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल स्पर्धेतील ३२ संघ दरवर्षी महाविद्यालयीन खेळाडूंमधून आपले नवे खेळाडू निवडतात. या वार्षिक निवडीस 'ड्राफ्ट' असे म्हणतात. हाती असलेल्या मोजक्या निवडींपैकी सुरुवातीच्या, मोलाच्या निवडी मैदानावरील कोणत्या स्थानाच्या खेळाडूंवर खर्च कराव्यात, हा प्रत्येक संघापुढील मुख्य प्रश्न असतो. त्यालाच स्थानांचा अग्रक्रम म्हटले जाते. हा अग्रक्रम खेळातील महत्त्वावर जितका अवलंबून असतो, तितकाच तो वेतनाच्या नियमांवरही अवलंबून असतो. २०११ सालच्या वेतनकरारानंतर तर दुसरी बाजू अधिक भारी ठरली आहे.

'ड्राफ्ट' या शब्दाचा मराठीत रूढ असलेला 'मसुदा' हा अर्थ येथे लागू पडत नाही. सक्तीच्या सैन्यभरतीसाठी इंग्रजीत हाच शब्द वापरतात आणि तो अर्थ येथे अधिक जवळचा आहे, कारण ज्या संघाने नाव घेतले त्याच संघाशी करार करणे खेळाडूस भाग असते. इंडियन प्रीमियर लीगच्या लिलावात खेळाडूची किंमत बोलीतून ठरते. येथे बोली लागत नाही. ज्या संघाची पाळी असेल त्याने एक नाव जाहीर करायचे, इतकेच.

पार्श्वभूमी

दुबळ्या संघांना सावरण्याची संधी मिळावी, या हेतूने फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ साली ही पद्धत सुचवली. पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फिया येथे झाला. मागील हंगामात सर्वांत खाली राहिलेला संघ प्रथम निवड करतो आणि विजेता संघ सर्वांत शेवटी. १९९४ पासून ड्राफ्टच्या सात फेऱ्या होतात. संघ आपली पाळी दुसऱ्या संघास देऊन त्या बदल्यात इतर निवडी वा खेळाडू घेऊ शकतो.

अशा अदलाबदलीत कोणत्या क्रमांकाची किंमत किती धरावी, यासाठी १९९० च्या दशकाच्या आरंभी डॅलस काउबॉइजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळात एक तक्ता तयार झाला. त्यात पहिल्या निवडीस ३,००० गुण, दुसऱ्या निवडीस २,६०० गुण आणि बत्तिसाव्या निवडीस ५९० गुण आहेत. हा तक्ता पुढे सर्वच संघांत पसरला. त्यात केवळ क्रमांकांची किंमत आहे, स्थानांची नाही. क्रमांकाचे मोल कळल्यावरही त्या क्रमांकावर कोणाला घ्यावे, हा प्रश्न उरतोच.

वेतनश्रेणीचा परिणाम

२०१० पर्यंत नवोदित खेळाडूंचे वेतन वाटाघाटीने ठरत असे. त्या वर्षी प्रथम क्रमांकावर निवडला गेलेला क्वार्टरबॅक सॅम ब्रॅडफर्ड याला सहा वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला आणि त्यातील ५ कोटी डॉलर हमखास मिळणार होते. पुढच्याच वर्षी खेळाडू संघटना व लीग यांच्यातील नव्या करारानुसार नवोदितांसाठी वेतनश्रेणी ठरवून देण्यात आली. परिणामी २०११ च्या प्रथम क्रमांकाचा क्वार्टरबॅक कॅम न्यूटन याचा चार वर्षांचा करार सुमारे २.२ कोटी डॉलरचा झाला.

या श्रेणीत वेतन निवडीच्या क्रमांकावरून ठरते, स्थानावरून नाही. पाचव्या क्रमांकावर क्वार्टरबॅक घेतला काय किंवा सेफ्टी घेतला काय, पहिल्या चार वर्षांचा खर्च जवळपास तोच येतो. खुल्या बाजारात मात्र या दोघांच्या वेतनात मोठी तफावत असते. करार संपलेल्या एखाद्या खेळाडूस एक वर्ष रोखून धरण्यासाठी संघ 'फ्रँचाइझी टॅग' नावाचा अधिकार वापरतो. त्याची रक्कम त्या त्या स्थानावरील सर्वोच्च वेतनांवरून काढली जाते, म्हणून ती स्थानांची बाजारातील किंमत दाखवणारी चांगली मोजपट्टी ठरते. २०२३ साली क्वार्टरबॅकसाठी ही रक्कम सुमारे ३.२४ कोटी डॉलर होती. वाइड रिसीव्हरसाठी ती सुमारे १.९७ कोटी, कॉर्नरबॅकसाठी १.८१ कोटी, सेफ्टीसाठी १.४५ कोटी, टाइट एंडसाठी १.१३ कोटी आणि रनिंग बॅकसाठी १.०१ कोटी डॉलर होती. (या मोजपट्टीत एक दोष आहे. आक्रमक फळीतील टॅकल, गार्ड व सेंटर या तिन्ही स्थानांना तीत एकच रक्कम लागू होते, त्यामुळे गार्ड व सेंटर यांची किंमत आहे त्यापेक्षा जास्त दिसते.)

१९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा आहे. २०२४ साली ती २५.५४ कोटी डॉलर होती आणि त्यातच ५३ जणांचा संघ बसवावा लागतो. साहजिकच जे स्थान बाजारात महाग आहे, तेथील चांगला खेळाडू ड्राफ्टमधून स्वस्तात मिळाला तर वाचलेला पैसा इतरत्र वापरता येतो. जे स्थान बाजारातही स्वस्तच आहे, तेथे ड्राफ्टची मोलाची निवड खर्च करून फारशी बचत होत नाही. अर्थशास्त्रज्ञ केड मॅसी व रिचर्ड थेलर यांनी या बचतीचा अभ्यास करून जुन्या वेतनपद्धतीतील निष्कर्ष मांडले. संघ पहिल्या काही क्रमांकांसाठी अवाजवी किंमत मोजतात आणि दिलेल्या वेतनाच्या तुलनेत सर्वाधिक लाभ दुसऱ्या फेरीच्या आरंभीच्या निवडींतून होतो, असे त्यांना आढळले. २०११ नंतर वरच्या क्रमांकांचे वेतन घटल्याने हे गणित बरेच बदलले.

क्वार्टरबॅक

या स्थानाच्या अग्रक्रमाबद्दल वाद नाही. आक्रमणातील जवळपास प्रत्येक चालीत चेंडू याच खेळाडूच्या हातातून जातो आणि एका वेळी एकच क्वार्टरबॅक खेळतो. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या १२ निवडींत सहा क्वार्टरबॅक होते. कॅन्सस सिटी चीफ्सने २०१७ साली सत्ताविसाव्या क्रमांकावरून वर येत दहाव्या क्रमांकावर पॅट्रिक माहोम्स याला घेतले, तेव्हा त्यांच्याकडे अ‍ॅलेक्स स्मिथ हा अनुभवी क्वार्टरबॅक होता. माहोम्स नवोदितांच्या वेतनावर असतानाच संघाने अजिंक्यपद मिळवले.

मात्र अंदाज चुकण्याचे प्रमाणही याच स्थानी डोळ्यांत भरते. १९९८ साली पहिल्या दोन क्रमांकांवर पेटन मॅनिंग व रायन लीफ हे दोन क्वार्टरबॅक निवडले गेले. त्यांपैकी मॅनिंग या खेळातील श्रेष्ठ खेळाडूंत गणला गेला, तर लीफची कारकीर्द अल्पावधीत संपली. उलटपक्षी टॉम ब्रेडी २००० साली सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला. ब्रेडीच्या उदाहरणावरून 'क्वार्टरबॅक नंतरही मिळतो' असा निष्कर्ष वारंवार काढला जातो. पण ज्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सने त्याला घेतले, त्यांनीही त्याला तोवर आपल्या आधीच्या सहा निवडींत वगळलेच होते.

क्वार्टरबॅकवर हल्ला आणि त्याचा बचाव

क्वार्टरबॅक महाग, म्हणून त्याला पाडणारा एज रशर महाग. आणि त्या हल्ल्यापासून त्याला वाचवणारा टॅकलही महाग. उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ डावीकडे असल्याने लेफ्ट टॅकलला विशेष मान मिळाला. वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याचा पाय १८ नोव्हेंबर १९८५ रोजी न्यू यॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरने केलेल्या हल्ल्यात मोडला आणि त्याची कारकीर्द संपली. या प्रसंगापासून सुरुवात करून मायकेल लुईस यांनी २००६ साली 'द ब्लाइंड साइड' या पुस्तकात या स्थानाच्या वाढत्या किमतीचा मागोवा घेतला.

टेलरची निवडही उद्बोधक आहे. १९८१ साली पहिली निवड न्यू ऑर्लिन्स सेंट्सची होती. त्यांनी रनिंग बॅक जॉर्ज रॉजर्स याला घेतले आणि टेलर दुसऱ्या क्रमांकावर जायंट्सकडे गेला. रॉजर्सने पहिल्याच हंगामात लीगमध्ये सर्वाधिक यार्ड धाव घेतली, तरीही सेंट्सला १६ पैकी चारच सामने जिंकता आले. टेलरच्या काळात जायंट्सने दोन सुपर बोल जिंकले.

रनिंग बॅकचा प्रश्न

चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक हा प्रेक्षकांचा लाडका खेळाडू असतो आणि एकेकाळी पहिल्या फेरीत त्याला मोठी मागणी असे. १९९९ साली सेंट्सचे प्रशिक्षक माइक डिट्का यांनी रिकी विल्यम्स या एका रनिंग बॅकसाठी त्या वर्षीच्या आपल्या सर्व निवडी आणि पुढील वर्षीची पहिल्या व तिसऱ्या फेरीची निवड देऊन टाकली. त्या हंगामात संघाने तीन सामने जिंकले आणि डिट्का यांना पदावरून दूर करण्यात आले. पुढे २०१३ व २०१४ साली पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक निवडला गेला नाही.

या बदलाचा फटका खेळाडूंना बसतो. सततच्या धडकांमुळे रनिंग बॅकची उमेदीची वर्षे पंचविशीच्या आसपासच असतात आणि नेमकी तीच वर्षे नवोदितांच्या ठरीव वेतनावर खर्ची पडतात. करार संपतो तेव्हा 'शरीर झिजले' या कारणाने बाजारातील किंमत उतरलेली असते. २०२३ साली सेक्वान बार्कली, जॉश जेकब्स व टोनी पोलार्ड या तिघांना त्यांच्या संघांनी दीर्घ करार न देता फ्रँचाइझी टॅग लावला.

बार्कलीचे उदाहरण या वादात दोन्ही बाजूंनी दिले जाते. २०१८ साली जायंट्सचा क्वार्टरबॅक ईलाय मॅनिंग ३७ वर्षांचा झालेला असतानाही संघाने दुसऱ्या क्रमांकावर बार्कलीला निवडले. त्याच्यानंतर जॉश अ‍ॅलन सातव्या आणि लमार जॅक्सन बत्तिसाव्या क्रमांकावर निवडले गेले. हे दोन्ही क्वार्टरबॅक पुढे लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. बार्कलीने पहिल्या हंगामात धाव व झेल मिळून २,०२८ यार्ड मिळवले, पण जायंट्सने पाचच सामने जिंकले. २०२४ साली तो फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला, त्याच हंगामात त्याने २,००५ यार्ड धाव घेतली आणि संघाने सुपर बोल जिंकला.

यावरून रनिंग बॅकचे महत्त्व सिद्ध होते, असे म्हणणे घाईचे ठरेल. ईगल्सची आक्रमक फळी मुख्यत्वे ड्राफ्टमधूनच वर्षानुवर्षे जमवलेली होती. तीत २०१३ साली चौथ्या क्रमांकावर घेतलेला लेन जॉन्सन होता, तसाच २०१८ साली सातव्या फेरीत घेतलेला जॉर्डन मायलाटाही होता. मायलाटा हा ऑस्ट्रेलियाचा रग्बी खेळाडू असून निवडीपूर्वी तो अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. जायंट्सकडे अशी फळी नव्हती. धावणारा कितीही कुशल असला तरी त्याला वाट करून देणारे पाच जण आधी लागतात.

गरज की गुणवत्ता

संघात ज्या स्थानी उणीव आहे ते भरावे, की उपलब्धांपैकी सर्वोत्तम खेळाडू घ्यावा, हा जुना वाद आहे. ब्रेट फार्व्ह संघात असतानाही ग्रीन बे पॅकर्सने २००५ साली चोविसाव्या क्रमांकावर क्वार्टरबॅक आरॉन रॉजर्स याला घेतले. त्याला तीन वर्षे बसून राहावे लागले, पण त्यानंतर दीड दशक संघास या स्थानाची चिंता उरली नाही. याच्या दुसऱ्या टोकाला डेट्रॉईट लायन्स आहेत. त्यांनी २००३, २००४, २००५ व २००७ या चार वर्षी पहिल्या फेरीत वाइड रिसीव्हरच निवडले. त्यांतील केल्विन जॉन्सन हा असामान्य खेळाडू होता, तरीही २००८ साली संघ सर्वच्या सर्व १६ सामने हरला.

स्वस्त मानल्या गेलेल्या स्थानावरील निवडही क्वचित सार्थ ठरते. इंडियानापोलिस कोल्ट्सने २०१८ साली सहाव्या क्रमांकावर गार्ड क्वेंटन नेल्सन याला घेतले आणि पहिल्या तिन्ही हंगामांत तो लीगच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला.

किकर व पंटर

या स्थानांना अग्रक्रमात सर्वांत खालची जागा असते. ओकलंड रेडर्सने २००० साली सेबॅस्टियन यानिकोव्स्की या किकरला पहिल्या फेरीत, सतराव्या क्रमांकावर घेतले आणि तो त्यांच्याकडे दीर्घकाळ खेळला. टॅम्पा बे बक्कानियर्सने २०१६ साली अदलाबदल करून दुसऱ्या फेरीत रॉबर्टो अग्वायो याला घेतले. एका हंगामानंतर त्याला संघातून मुक्त करण्यात आले. बहुतेक संघ किकर शेवटच्या फेऱ्यांत घेतात किंवा ड्राफ्ट संपल्यावर, न निवडल्या गेलेल्या खेळाडूंमधून करारबद्ध करतात.