ट्रॉलीचे नट किती आवळायचे?

मित्रहो, तत्त्वज्ञानाच्या माणसाने चाकाच्या नटांवर बोलावं, हे काहींना विचित्र वाटेल. पण आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कापसाच्या हंगामात भरलेल्या ट्रॉल्या निघतात, कोणी खामगावकडे, कोणी राजूर घाट उतरून मलकापूरकडे. त्यांची चाकं मोजक्या नटांवर टिकून असतात. चाक निखळलं तर ते समोर येईल त्याला धडकतं. म्हणून प्रश्न ज्ञानाचाही आहे आणि नीतीचाही.

आधी सांगा, नट नेमकं काय करतो? आपल्याला वाटतं, चाक स्टडवर टांगलेलं असतं. तसं नाही. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा मागे यायला बघतो. त्या ताणाने चाक हबवर घट्ट दाबलं जातं. हा दाब भार पेलतो. नट सैल असेल तर चाक हबवर सरकतं, प्रत्येक फेऱ्याला स्टड वाकतो आणि थकून तुटतो. पण फार आवळला तर स्टड ताणाची मर्यादा ओलांडतो, मूळ लांबीवर परत येत नाही, आटेही जातात. म्हणजे ‘जितका घट्ट तितका सुरक्षित’ ही समजूत चुकीची.

आता टॉर्क. टॉर्क म्हणजे जोर गुणिले पान्याची लांबी. साठ किलोचा माणूस अर्ध्या मीटरच्या आडव्या पान्याच्या टोकावर उभा राहिला, तर साधारण ३०० न्यूटन-मीटर होतात. पाइप लावून तोच पाना एक मीटरचा केला की ६००! माणूस तोच, नट तोच, परिणाम दुप्पट. म्हणून अंगातला जोर हे माप नव्हे. आकडा कंपनीच्या पुस्तकातून घ्यावा आणि टॉर्क पान्याने मोजावा.

इथे आपलं न्यायशास्त्र कामाला येतं बरं का! टॉर्क पाना स्टडचा ताण मोजत नाही. फिरवण्याचा जोर मोजतो. ताणाचं आपण अनुमान करतो. नैयायिक म्हणतात, अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही. त्याला ओलं इंधन लागतं. या अटीला ते ‘उपाधी’ म्हणतात. आपल्या अनुमानातली उपाधी म्हणजे घर्षण. टॉर्कचा सुमारे नऊ-दशांश भाग घर्षणातच जातो, ताणाला जेमतेम एक-दशांश उरतो. आट्यांना तेल लावलं की घर्षण घटतं आणि त्याच आकड्यावर स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. पुस्तकात वेगळं सांगितलं नसेल तर आटे स्वच्छ, कोरडे ठेवा.

आता कृती. चाक आणि हब जिथे टेकतात तिथला गंज, माती, रंगाचे पापुद्रे काढा. नटाची निमुळती बाजू चाकाकडे ठेवा. नट आधी हाताने बसवा, मग समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत आवळा. शेवटचा टप्पा चाक जमिनीवर टेकवून. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा, कारण पृष्ठभाग बसतात आणि ताण उतरतो. एकदा खरं ठरलेलं कायम खरं राहील, असं इथे नाही.

ट्रॉलीमागून दुचाकीवर येणाऱ्याने तुमचे नट पाहिलेले नसतात. तो तुमच्यावर विश्वास टाकून चाललेला असतो. त्याच्यासाठी ‘आवळला असेल’ हे उत्तर पुरेसं नाही.