गोठलेली करवंदे मऊ का पडतात?

उन्हाळ्यात बालाघाटाच्या डोंगरात करवंदे पिकतात. उरलेली करवंदे फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात टिकतात. पण बाहेर काढल्यावर लिबलिबीत होतात. असे का?

पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. घरच्या फ्रीजमध्ये फळ सावकाश गोठते. त्यामुळे बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पेशी फाटतात. बर्फ वितळला, की रस झिरपतो.

म्हणून अशी करवंदे फेकू नयेत. सरबत, चटणी किंवा मुरंब्यासाठी फळ ठेचावे वा शिजवावे लागतेच. त्यातले निम्मे काम बर्फाने केलेले असते! ती न वितळवता थेट पातेल्यात घालावीत, म्हणजे रस वाया जात नाही. करकरीत लोणच्याला मात्र ताजी, कच्ची करवंदेच हवीत.

एक करवंद गोठवा, एक ताजे ठेवा. गोठलेले वितळल्यावर दोन्ही दाबून पाहा!